तळी आडवी का गेली

प्रिय पक्या,

शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. दीड वर्ष ना पत्र ना फोन, व्हॉट्सॲपवर नुसते अंगठे, मान्य. तब्येत बरी आहे, गुडघा सोडला तर. तुझी शुगर?

लिहितोय ते शाळेमागच्या टेकडीसाठी. हसू नकोस. ती जात्याची फुटकी तळी आपण सोडली ती सरळ न जाता आडवी पळाली आणि तात्यांच्या गोठ्याची कौलं घेऊन गेली, आणि मी सगळ्यांसमोर शपथेवर सांगितलं की पक्याने तिरका धक्का दिला. आण्णांनी तुला बडवला, मी आंब्याखाली उभा राहून बघत होतो. तू आजपर्यंत म्हणतोस की मी हातच वाकडा केला नव्हता, आणि मी आजपर्यंत म्हणतो केला होतास. तुझ्या लग्नात पंगतीला बसूनसुद्धा भांडलोय आपण यावर.

तर ऐक. इथे दावोसच्या वर फ्लुएला खिंडीत चांत सूरा नावाचा उतार आहे (सुरा म्हणजे तुझ्या डोक्यात आलं ते नाही). तिथे दावोसच्या हिम आणि हिमस्खलन संस्थेच्या लोकांनी कित्येक वेळा मुद्दाम दगड सोडलेत. खरे दगड नाहीत, सळया घातलेल्या काँक्रीटचे, ४५ किलोपासून पार २६७० किलोपर्यंत, मोठे तर हेलिकॉप्टरने वर न्यायचे. आकार दोनच. एक ठोकळा, आणि दुसरा चपटा गोल, अगदी आपली तळी. पोटात भोक पाडून सेन्सर बसवलेला, त्यामुळे दगड किती गरगरला, कुठे किती जोरात आपटला सगळं नोंदलं जातं. माझं काम ते आकडे घेऊन कॉम्प्युटरचं मॉडेल तसंच वागतं का ते बघायचं.

परवा एका चपट्याचा व्हिडिओ एकेक फ्रेम करून बघत होतो. पहिल्यांदा पडतो तो पोटावर, थोडा घसरतो, एका आपटीला कड खाली येते आणि गडी उभा राहतो. एकदा कडेवर उभा राहिला की चाकासारखा पळतो, आणि जोरात फिरणारं चाक आपला आस सोडत नाही, त्यामुळे उताराला काय वाटतं त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही, तो आपला आडवा. वेग मंदावला की डुगडुगतो आणि थाळीसारखा गोल गोल फिरत निजतो. ठोकळा बिचारा कोलांट्या खात बराचसा सरळ खाली जातो. २०२१ मध्ये यावर पेपरही आलाय, वजनापेक्षा आकाराला महत्त्व द्या म्हणून. मी खुर्चीत मागे टेकलो आणि मोठ्याने म्हणालो, पक्या, तू धक्का दिलाच नव्हतास. शेजारचा जर्मन पोरगा बघायला लागला.

माफी नंतर मागतो, आधी खरी भानगड सांगतो. पुण्याच्या त्या नोकरीत (नाव काढू नको) आपल्या घाटाखालच्या वाडीचा रिपोर्ट मी केला होता. तेव्हाच्या मॉडेलमध्ये दगड म्हणजे नुसता ठिपका, टप्प्याला एक आकडा, घसरण्याला एक आकडा, झालं. ठिपका कसला चाकासारखा पळतोय! त्यावरून मी धोक्याची लाल रेघ मारली आणि ओढ्यापलीकडची सात घरं रेघेबाहेर ठेवली. खाली सही माझी. आता रोज रात्री ती सात घरं दिसतात, त्यातल्या एकाच्या पडवीत मी चहा प्यायलोय रे, म्हातारीने आग्रह करून खोबऱ्याची वडी दिली होती. जुन्या साहेबांना मेल टाकला, उत्तर आलं की फाइल बंद झाली आहे. २००३ ला वैभववाडीला रेल्वे धोंड्यांवर गेली तेव्हापासून आण्णा रुळांच्या गस्तीवरून येईपर्यंत तुमच्याकडे कोणी जेवत नसे, तुला वेगळं काय सांगू.

कदाचित मी उगाच घाबरतोय. आपला काळा पाषाण बराच चौकोनी फुटतो, तसं असेल तर रेघ बरोबर आहे. पण कुठे कुठे त्याचे पापुद्रे सुटतात आणि खालचा तांबडा थर झिजला की वरची फरशीच्या फरशी लटकते. कुठला प्रकार आहे ते मी तेव्हा नीट बघितलंच नाही, दोन दिवसांत उरकायचं होतं.

म्हणून काम सांगतो. पाऊस सुरू व्हायच्या आत एका सकाळी वाडीच्या वर जा, बांधाला जुने पडलेले धोंडे आहेत, शेवाळ धरलेले. चपटे किती, ठोकळे किती, आणि मुख्य म्हणजे ओढ्यापलीकडे एखादा चपटा पोचलाय का ते बघ. लांबी, रुंदी, जाडी तिन्ही मापं घे. कड्याच्या थेट खाली उभा राहू नकोस आणि बंड्याला नेऊ नकोस, तो वर चढेल.

दुकान कसं चाललंय? वहिनींची बदली झाली का? ताईच्या मुलीचं कळलं, आनंद झाला, फोन करतो.

माफी समोर आल्यावर. तात्या नाहीत आता, पण आण्णांना तू सांगू नकोस, मी सांगेन. आणि धोंड्यांचे फोटो काढशील तेव्हा शेजारी चप्पल ठेव, मापाला.

तुझा,
बाळ्या