ओट्यामागची भिंत

सातारा,
9 मार्च

प्रिय लंबू,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू म्हणालास, "दोन दिवसांचं तर काम. जुन्या टाइल्स काढायच्या, नव्या लावायच्या." मी गप्प बसलो. वहिनी शेजारीच असाव्यात असं वाटलं. पण ते दोन दिवसांचं काम मी संक्रांतीच्या आठवड्यात काढलं आणि आज मार्चचा दुसरा आठवडा आला तरी आमच्या स्वयंपाकघराला रंग लागायचा आहे. तेव्हा तू छिन्नी उचलण्याआधी हे पत्र पूर्ण वाच.

आमच्या ओट्यामागच्या टाइल्स तुला आठवत असतील. दहावीच्या वर्षी, 1986 साली, बाबांनी लावून घेतल्या होत्या. सहा बाय सहा इंची, पांढऱ्या, वरच्या ओळीत निळं फूल. सगळ्या मिळून साठ चौरस फूट, म्हणजे दोनशे चाळीस नग. त्यातले अकरा अखंड निघाले. आईने ते धुऊन कुंड्यांखाली ठेवलेत. बाकीचे राडारोड्यात गेले.

टाइल्स दीड दिवसात निघाल्या, तिथे तुझं म्हणणं खरं. पण प्रत्येक टाइल मागचा गिलावा घेऊन खाली आली. काही ठिकाणी विटेचा पापुद्राही. संध्याकाळी पाहिलं तर ओट्यामागे भिंत नव्हतीच, नुसत्या उघड्या विटा, मधूनमधून गिलाव्याची बेटं आणि झुरळांची तीन पिढ्यांची वसाहत. टाइलच्या मागे मधोमध मालाचा, म्हणजे कालवलेल्या सिमेंट-वाळूचा, गोळा थापून ती भिंतीवर दाबून बसवायची त्या काळची पद्धत. चारही कोपरे पोकळ राहायचे. सिंकच्या बाजूने पाणी शिरलं की त्या पोकळीत मुरत बसायचं. सिंकमागचा पट्टा काढला तेव्हा विटांवर पांढरा, भुसभुशीत लोणा उठला होता आणि आत जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचा, नळ गंजून पाझरत होता. किती वर्षं, देव जाणे. आई म्हणायची, "त्या कोपऱ्यात पोह्यांचा डबा सादळतो." आम्ही डबा बदलला होता.

पुढची चूक माझी. घाई. ठेकेदार पोरगा हुशार होता, मोबाइलवर त्याने मला केलेली कामं दाखवली. म्हणाला, "काका, एकास तीनचा कडक माल मारतो. बॉम्ब पडला तरी हलणार नाही." म्हणजे एक भाग सिमेंटला तीनच भाग वाळू. मला ते आवडलं. आपल्याला मजबूत म्हटलं की आवडतंच. सकाळी त्याने सिंकमागची भिंत थापली, ती कोरडीच होती. सिमेंटचं पाणी त्याने सकाळी नऊला फिरवलं, मग चहा, मग फोन, आणि माल चढला साडेअकराला. तोवर ते सिमेंटचं पाणी वाळून भिंतीवर त्याची गुळगुळीत पूड झाली होती. दुपारच्या जेवणानंतर उरलेला आवळलेला माल पुन्हा पाणी घालून सैल केला आणि तोही वर चढवला.

चौथ्या दिवशी आईने बोटाच्या पेराने भिंत वाजवली. माठ घेताना टिचकी मारतो ना, तशी. "बद्द वाजतेय रे," म्हणाली. मी हातोड्याचा दांडा घेऊन सगळीकडे ठोकलं. निम्म्याहून जास्त भिंत बद्द, म्हणजे आतून सुटलेली, पोकळ. वर केसासारख्या भेगा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. पोरगा फोन उचलेना. त्याच्यावर राग धरून उपयोग नाही, भिंत कोरडी आहे हे मीही पाहिलं होतं.

मग आमच्या गल्लीतल्या एका जुन्या गवंडीमामांना हाताला धरून आणलं. आता काम करत नाहीत, गुडघे गेलेत. आमच्या पडवीत खुर्ची टाकून बसले आणि तिथूनच हुकूम सोडले, हात माझे आणि एका तरुण गड्याचे. त्यांनी पहिल्यांदा उघड्या भिंतीतला सांध्यातला माल नखाने उकरला, बोटावर चोळला आणि म्हणाले, "हा चुना आहे. तुमच्या आजोबांनी चुन्यात घर बांधलंय. त्याच्यावर सिमेंटचा दगड का चढवता?"

लंबू, त्या एका वाक्यात सगळं आलं, पण मला ते कळायला दोन दिवस लागले. घर 1952 चं. विटा चुन्यात, गिलावा चुन्याचा. चुन्याची भिंत मऊ, थोडी लवचीक, ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर टणक सिमेंटचा थर चढवला की तो आकसताना खालच्या मऊ थराला ओढतो, आणि तुटतं ते खालचं. 1986 साली हेच झालं होतं. टाइलमागचा सिमेंटचा गोळा चुन्याच्या गिलाव्यापेक्षा ताकदवान होता, म्हणून काढताना टाइल सुटली नाही, गिलावा सुटला. आणि मी चाळीस वर्षांनी तीच चूक पुन्हा करायला निघालो होतो, तीही दुप्पट ताकदीने. वरचा थर खालच्यापेक्षा जबर नको, एवढंच मामा पुन्हा पुन्हा सांगत होते.

आम्ही मग सिंकमागचं नवं प्लास्टर पाडलं. शेजारच्या जुन्या गिलाव्याचा वाजवून बद्द लागला तेवढा भाग काढला, आणि त्याची कड कटरने सरळ, चौकोनी करून घेतली. वाकडीतिकडी, निमुळती होत गेलेली कड राहिली की नवा माल तिथे कागदासारखा पातळ बसतो आणि महिन्याभरात सुटतो. विटांचे सांधे अर्धा इंच खोल उकरले, म्हणजे मालाला धरायला जागा. लोणा कोरड्या ब्रशने झाडला. मी पाण्याने धुवायला निघालो होतो. मामा ओरडले, कारण पाण्याबरोबर खार परत भिंतीतच जातो. टाइल्सच्या वर बाबांनी ऑइलपेंटचा पट्टा मारला होता, त्यावर तीस-पस्तीस वर्षांच्या फोडण्यांचा चिकटा. तो खरवडून, वर टोचे मारून मगच पुढे गेलो. तेलकट जागेवर काहीही धरत नाही.

नळ बदलला, सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लॅस्टिकचा टाकला. प्लंबरने दाब देऊन रात्रभर पाणी भरून ठेवलं, सकाळपर्यंत एक थेंब नाही. भिंत बुजवण्याच्या आधी हे कर, मागाहून नव्हे. मेन स्विच बंद करून वायरींची वाट कुठून जाते तेही बघून घे. तुझ्या मिक्सरचा प्लग ओट्यामागेच आहे.

मालाचं प्रमाण ठरलं एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू. चुना पोत्यात तयार पूड मिळतो, विरवलेला. कळीचा चुना घरात विरवायच्या फंदात मी पडलो नाही, तो उकळून अंगावर उडतो, आणि न विरलेला खडा भिंतीत राहिला तर नंतर फुगून गिलाव्याचा टवका उडवतो. पूड आदल्या रात्री ड्रममध्ये भिजत घातली, सकाळी दह्यासारखी झाली. वाळू म्हणजे क्रश सँड, दगड भरडून केलेली, बारीक चाळलेली. मी कागदावर हिशोब मांडला. साठ चौरस फूट, पाऊण इंच जाडी, वाया जाणारा धरून पाच घनफूट वाळू. सिमेंट तिच्या सहाव्या हिश्श्याला, आणि एक पोतं सव्वा घनफूट, म्हणजे पाऊण पोतंही लागत नाही. मामांना कागद दाखवला. त्यांनी न बघताच सांगितलं, "वाळू दहा घमेली आणा, सिमेंटचं एक पोतं फोडा, उरेल." घमेल्यांवरून आमचं थोडं वाजलं, कारण माझं घमेलं त्यांच्या घमेल्याहून लहान निघालं. सिमेंट मात्र उरलं.

आदल्या संध्याकाळी भिंत भिजवली, सकाळी पुन्हा. भाजलेली वीट माठासारखी पाणी पिते. तहानलेली राहिली तर मालातलं पाणी ओढून घेते आणि माल भाजल्यासारखा होतो. पण वरून पाणी ओघळत असतानाही माल लावायचा नाही. भिंत ओली दिसावी, हाताला पाणी लागू नये, एवढीच. मग दोरी आणि ओळंबा लावून पाहिलं तर सात फुटांत भिंत पाऊण इंच बाहेर झुकलेली. मी ती सरळ करायचं म्हणालो. मामा हसले. "आजोबांची भिंत आहे, तिला तिच्या चालीने चालू दे." सरळ करण्याच्या नादात तळाला दीड इंच माल चढला असता, आणि जाड थर स्वतःच्या वजनानेच खाली बसतो. म्हणून ओट्यामागे, जिथे टाइल येणार, तेवढीच पट्टीने सारखी केली. बाकी भिंतीच्या कलानेच.

ठिय्ये मारले, म्हणजे मालाचे छोटे गोळे एका पातळीत, पट्टी टेकवायला. खोल खड्डे आदल्या दिवशी भरून, खरबरीत करून सोडले होते. मग पहिला हात. माल थापीने भिंतीवर फेकायचा, लिंपायचा नाही. मी लिंपत होतो. फेकल्याने तो सांध्यात शिरतो. पहिल्या दहा फेकींतला निम्मा माल माझ्या पायांवर आला. दुपारपर्यंत बरं जमू लागलं. थोडाथोडाच कालवायचा, दोन तासांत संपेल एवढा. उरला तर टाकून द्यायचा, हे मी आता डोळे मिटून सांगू शकतो. दुसऱ्या दिवशी दुसरा हात, पट्टी फिरवून, वर गुरमाळा, म्हणजे माल सपाट घोटायची मुठीची फळी. जिथे टाइल येणार ती जागा गुळगुळीत केली नाही.

आणि ओट्याच्या डाव्या टोकाला काय निघालं सांगू? कोनाडा! भिंत चौदा इंची आहे, त्यात पूर्वी कोनाडा होता आणि टाइल्स लावताना तो विटांचे तुकडे, माती आणि कौलांच्या खापऱ्यांनी बुजवला होता. तेवढा तुकडा भिंतीपेक्षा वेगळा असल्याने त्याच्या कडेने टाइल्सना सरळ उभी तड गेली होती, तीस वर्षं आम्ही ती पाहत होतो. बुजवायचा तर सांध्यावर जाळी मारायची, असं मामा म्हणाले. आई पडवीतून आली, वाकून आत पाहिलं आणि म्हणाली, "इथे रॉकेलची चिमणी असायची. सासूबाई रात्री दूध तापवायच्या तेव्हा." मग म्हणाली, "उघडाच ठेवा." आता तिथे चहा-साखरेचे डबे आहेत. आतून नुसता चुना फासला आहे.

सात दिवस पाणी मारलं, दिवसातून तीनदा. ते काम आईने घेतलं, तुळशीला घालते तसं नेमाने, फवाऱ्याच्या बाटलीने. खिडकीला ओलं पोतं बांधलं होतं, ऊन-वारा थेट लागू नये म्हणून. त्या काळात स्वयंपाक पडवीत, एका शेगडीवर. पिठलं-भात, पिठलं-भाकरी, आणि बदल म्हणून पिठलं-पोळी.

ओट्यामागे फक्त दोन फूट नवी टाइल लावली, तीही चिकटवायच्या तयार मसाल्याने, दातेरी थापीने सगळीकडे सारखा ओढून, मागे पोकळी न ठेवता. वरची भिंत उघडीच ठेवली. ती आता वाळतेय. रंगवाला रोज विचारतो. मी रोज संध्याकाळी प्लॅस्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने भिंतीला लावतो आणि सकाळी आत दव आहे का बघतो. कालपर्यंत होतं. तोवर पुट्टी नाही, प्रायमर नाही.

तुझ्या घराची गोष्ट वेगळी, हे लक्षात घे. 1994 चा फ्लॅट, काँक्रीटचे खांब, मध्ये विटांची भिंत, गिलावाही सिमेंटचा. तिथे एकास चार चालेल, चुन्याच्या मागे लागू नकोस. पण खांब आणि वीट जिथे भेटतात तिथे जाळी मारून घे, नाहीतर तिथे उभी भेग ठरलेली. आणि तुझ्या ओट्यामागे बाथरूम आहे. टाइल्स काढल्यावर भिंत आठवडाभर उघडी ठेव. कुठे ओल येते का ते तिलाच सांगू दे. वहिनींना आठवडा नाही, तीन आठवडे सांग. आधीच सांग.

ओळंबा आणि गुरमाळा माझ्याकडे आहे, नवीन घेऊ नकोस. पाडव्यानंतर चार दिवस रजा टाकतो आणि नाशिकला येतो. थापीने माल फेकणं आता मला बऱ्यापैकी येतं, तुझ्या पायांवर पडणार नाही याची हमी देत नाही. आईने तुला आशीर्वाद आणि वहिनींना पोह्यांच्या डब्याची गोष्ट सांगायला सांगितली आहे.

तुझा,
ढापण्या

ता. क. छिन्नीचा पहिला घाव घालण्याआधी सिंकच्या आणि मोरीच्या तोंडात फडक्याचा बोळा घट्ट कोंब. आम्ही तिसऱ्या दिवशी कोंबला. प्लंबरचं दुसरं बिल त्याचं आहे.