ताई, आधी दवाखान्याचं ठरव

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

बाळंतपण इंदूरला, आपल्या घरीच आणि मिडवाइफच्या हातानं, हे तू पक्कं केलंस. तुझ्या आईचा जीव अजून खालीवर होतोय. पण पहिल्या वेळी सगळं सुरळीत झालं, बीपी-शुगर ठीक आहे, बाळाचं डोकं खाली आहे, तेव्हा मी मोडता घालत नाही. मला एवढंच विचारायचंय की मध्येच अडलं तर कोणाच्या हाती जायचं, आणि तो माणूस तुला आधीपासून ओळखत असेल का?

तू पाठवलेला इंग्लंडचा २०११ चा अभ्यास वाचला. घरी बाळंतपण ठरवलेल्या पहिलटकरणींपैकी शंभरात सुमारे ४५ जणींना रुग्णालयात हलवावं लागलं, आधी मूल झालेल्यांपैकी १२ जणींना. तो १२ चा आकडा तू धीर द्यायला पाठवलास, हे कळलं. पण तिथली मिडवाइफ सहसा सरकारी आरोग्यसेवेतलीच असते. तिनं फोन केला की रुग्णालय बाईला घेतं, वर प्रश्न नाहीत. इथे ही सांधेजोड आपल्यालाच करायची आहे.

म्हणून चौकशीला निघालो. एका नर्सिंग होमनं हातच झटकले: "घरी बिघडवून आणणार आणि नाव आमचं खराब होणार." बोलणं झोंबलं, पण अगदीच खोटं नव्हतं. दुसऱ्या एक डॉक्टरीणबाई तयार आहेत. त्यांची अट अशी की इथे आलीस की तपासण्या त्यांच्याकडे, नाव आधी नोंदवायचं आणि मिडवाइफनं एकदा समक्ष भेटायचं. मला अट आवडली. मी विचारलं, रात्री दोनला सिझर ठरलं तर भूलतज्ज्ञ इथेच असतात का? म्हणाल्या, "फोन केला की येतात." छोट्या दवाखान्यांत बहुतेक असंच चालतं. म्हणजे आपण निघताना फोन करायचा, पोचल्यावर नाही. आणि जिवावरचं वाटलं तर तिथे न थांबता सरळ एमटीएच, म्हणजे महाराजा तुकोजीराव रुग्णालय. ते मेडिकल कॉलेजचं आहे, डॉक्टर रात्रंदिवस आत असतात.

आता रक्ताचं. तू ओ निगेटिव्ह. तुला ओ निगेटिव्हच चालतं आणि ते आयत्या वेळी मिळेलच असं नाही. नातेवाइकांत, मित्रांत दाते शोधायला लागलोय. पण डॉक्टरीणबाई रक्तपेढीशी आधी बोलतील तेच खरं, कारण दात्याचं रक्त तपासल्याशिवाय देत नाहीत. बाळाचा रक्तगट पॉझिटिव्ह निघाला तर तुला ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन हवं. घरच्या गडबडीत हेच राहून जातं.

जिन्याचंही बोलायला हवं. गोदरेजचं कपाट वर नेताना वळणावरचा कठडा काढावा लागला होता, आठवतं ना? तिथून स्ट्रेचर उतरणार नाही. म्हणून खालची मागची खोली रिकामी करून घेतोय. खिडकी छोटी आहे, कुरकुर करू नकोस. शिवाय तुझी तारीख रंगपंचमीच्या आसपास. त्या दिवशी गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघाली की राजवाड्याकडचे रस्ते बंद, १०८ ला फोन लागला तरी गाडी गर्दीतून येणार कुठून? तारीख तिथेच पडली तर आदल्या रात्रीपासून तुम्ही आत्याकडे, विजयनगरला. यावर वाद नको.

मिडवाइफला माझ्यातर्फे विचार. रक्तस्राव थांबवायचं ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, ते प्रवासात कशात आणणार? बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटात श्वास द्यायची पिशवी-मास्क कोण धरणार? त्या वेळी तुझ्याकडे कोण बघणार? दोघी प्रशिक्षित हव्यात, तुझी आई त्यात धरायची नाही.

आणि घर कधी सोडायचं ते आताच कागदावर उतरव: पाणी हिरवट गेलं, बीपी १४०/९० च्या वर, रक्त थांबेना, वार तासाभरात पडली नाही, ३७ आठवड्यांच्या आधीच कळा आल्या. खाली तुझी, जावईबापूंची आणि मिडवाइफची सही. त्या वेळी निर्णय मिडवाइफचा, तुझ्या हट्टाचा नाही नि माझ्या भीतीचाही नाही.

जन्मनोंदणी २१ दिवसांत करायची असते, ती मी बघतो.

डॉक्टरीणबाईंनी पुढच्या शनिवारपर्यंत हो-नाही मागितलंय. मिडवाइफ त्यांना भेटायला तयार नसेल तर तसं कळव, मग दुसरी मिडवाइफ शोधू. फाइलच्या झेरॉक्स घेऊन ये, रक्तगटाचा कागद सगळ्यात वर ठेव.

तुझा,
बाबा