छातीत दुखलं तर पहिला ईसीजी आपल्या गल्लीत निघावा

सोलापूरच्या पूर्व भागातील सर्व कारखानदार, कामगार, दुकानदार आणि माता-भगिनींना सप्रेम नमस्कार.

गेल्या एप्रिलात आमच्या मंडळाच्या दवाखान्यात एक विडी कामगार मावशी आल्या. पन्नाशी उलटलेली, साखरेच्या गोळ्या चालू. ब्रँचला विड्या देऊन येताना जबडा आणि डावा खांदा भरून आला होता. दिवसभर मांडीवर सूप घेऊन मान खाली घालून बसणाऱ्या बाईची मान दुखायचीच, म्हणून त्यांनी बाम चोळला आणि दुपार काढली. आमच्याकडं आल्या तेव्हा खोलीभर बामाचा वास आणि पदर घामानं चिंब. एप्रिलातल्या सोलापुरात घाम कुणाला येत नाही? पण डॉक्टरांना तो घाम वेगळा वाटला. ईसीजी काढावा तर आपल्याकडं मशीन नाही. रिक्षानं दुसरीकडं नेलं, तिथं ईसीजी काढणारा पुरुष. मावशी ब्लाऊज काढायला काही केल्या तयार होईनात. शेवटी सोबतच्या दोघींनी चादर आडवी धरली आणि कागद निघाला, तोवर तासभर गेला होता. मावशी वाचल्या. त्या तासाचा हिशेब मात्र आम्हाला अजून लागत नाही, कारण असा रुग्ण दारात आल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी व्हावा, असं हृदयरोगाचं शास्त्र सांगतं.

हृदयाला रक्त पुरवणारी नळी अचानक तुंबली की सगळ्यांचं सारखं होत नाही. काहींची नळी पुरती बंद होते, ईसीजीतली रेघ वर उचलली जाते. तिथं विचार करत बसायला वेळच नसतो. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लगेच द्यावं लागतं. अडचण बाकीच्यांची. हा गॅस, ही मानेची शीर, की हार्ट? यासाठी डॉक्टर ‘हार्ट स्कोअर’ लावतात. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी तो २००८ मध्ये मांडला. दुखण्याची हकीकत, ईसीजी, वय, धोक्याची कारणं आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) ही रक्ततपासणी, अशा पाच गोष्टींना प्रत्येकी ० ते २ गुण. वय ४५च्या आत असेल तर शून्य, ६५ आणि पुढं २. साखर, बीपी, कोलेस्टेरॉल, विडी-सिगारेट, लठ्ठपणा, घरात कुणाला हृदयविकार, यातली तीन कारणं जमली की तिथले २ गुण लागलेच. बेरीज ३ पर्यंत असेल तर धोका कमी, ४ ते ६ असेल तर ठेवून घेऊन पुन्हा तपासायचं, ७ किंवा जास्त असेल तर थांबायचं नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. पहिला ईसीजी चांगला आला म्हणून लोक चहा पिऊन घरी जातात. तसं करू नका. तो थोड्या वेळानं पुन्हा काढावा लागतो, आणि ट्रोपोनिन रक्तात दिसायला काही तास जातात, म्हणून तेही कधी कधी दोनदा करावं लागतं.

पाचांत पहिली आहे हकीकत, आणि आपल्याकडं ती बरेचदा वाटेतच सांडते. आजी तेलुगूत सांगतात ‘मंट’, म्हणजे आग होतेय, बाहेरगावचे डॉक्टर लिहितात जळजळ, आणि पित्ताची गोळी मिळते. ‘आयासम’ म्हणजे दम लागतोय, हे कुणी सांगायचं? साखर असलेल्यांना आणि बायकांना कधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो, मळमळतं. म्हणून तेलुगू आणि कन्नड नीट बोलणारे स्वयंसेवक आम्हाला पैशाइतकेच हवेत.

पैसे हवेतच. बारा लीडचं ईसीजी मशीन, त्याचे कागदाचे रोल, ट्रोपोनिनची किट, आणि लाईट गेली तरी चालेल असा बॅकअप. गणपतीत डॉल्बीला वर्गणी कमी पडल्याचं आमच्या मंडळाला आठवत नाही. यंदा डॉल्बी नाही, असा ठराव झालाय. पोरं नाराज आहेत, पण पावतीपुस्तक घेऊन फिरणारीही तीच आहेत. नारळी पौर्णिमेच्या मार्कंडेय रथोत्सवाआधी मशीन यावं असा प्रयत्न आहे. पावतीशिवाय कुणाच्याही हातात पैसे देऊ नका. जमा-खर्च दर महिन्याला मंडळाच्या फळ्यावर लागेल.

निवृत्त नर्सबाई किंवा ईसीजी काढता येणाऱ्या ताई आठवड्यातून दोन संध्याकाळी आल्या तरी पुष्कळ. रिक्षावाल्या दादांनी रातपाळीला आळीपाळीनं एक रिक्षा चौकात ठेवावी.

इथं हृदयविकाराचे उपचार होणार नाहीत. ईसीजी निघेल, डॉक्टर तो पाहतील, गुण मांडतील आणि पुढं पाठवतील. दवाखाना संध्याकाळी सहा ते नऊ एवढाच उघडा असतो. रात्री-अपरात्री छाती भरून आली तर आमची वाट पाहू नका, सरळ १०८ लावा.

टॉवेल-चादरीच्या कारखानदारांना रोख जमत नसेल, तर तपासणीच्या खाटेभोवती लावायला पडद्याचं कापड द्यावं. जाड आणि गडद रंगाचं, आरपार दिसणार नाही असं.

आपले,
मंडळाचे कार्यकर्ते