सेटिंगचा फोटो मागू नकोस

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार. "प्रोजेक्टर घेतलाय, तुझ्या सेटिंगचे फोटो पाठव, तसेच आकडे टाकतो," असा तुझा मेसेज दुपारी आला. चार फोटो काढून पाठवले असते तर दोन मिनिटांत सुटलो असतो. पण माझे आकडे माझ्या दिव्याचे, माझ्या पडद्याचे आणि माझ्या छताचे आहेत. ते तुझ्या यंत्रात घालणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून पेपर वाचायला बसणं. म्हणून फोटोऐवजी पत्र. चहा घेऊन बस.

एप्रिलमध्ये आणला तेव्हा माझी अक्कल तुझ्याएवढीच होती. १०० इंची पडदा, दिव्याचा डीएलपी (बारीक आरशांनी चित्र टाकणारा) प्रोजेक्टर. पहिल्या संध्याकाळी शेजारचे सगळे मॅच बघायला आले. 'डायनॅमिक' मोड लावलेला. मैदान पोपटी, खेळाडू उकडल्यासारखे लाल, आणि सगळे "वा वा!" मीही छाती फुगवून पोहे वाटत होतो. त्याच रात्री पाहुणे गेल्यावर एक सिनेमा लावला, रात्रीच्या जंगलातला. बघतो तर काळोख कुठेच नाही. सगळ्या चित्रावर धूप जाळल्यासारखा राखाडी धूर! ब्राइटनेस खाली ओढला तर धूर गेला, पण त्याबरोबर नायकाचे केसही गेले. डोक्यावर नुसता डांबराचा गोळा.

तीन रात्री मी हेच वर-खाली करत बसलो. दोष निघाला भलतीकडेच. चित्राचा उजेड ० ते २५५ अशा आकड्यांत सांगतात, पण व्हिडिओत काळा म्हणजे शून्य नसतो, १६ असतो. आणि पांढरा २५५ नसतो, २३५ असतो. सिनेमा पाठवणारा माझा खोका बिचारा नियमाने १६ पाठवत होता आणि प्रोजेक्टर 'फुल' वर असल्याने काळा शून्यावर धरून बसला होता. मग १६ त्याला राखाडीच दिसणार. मेनूच्या तिसऱ्या पानावर एचडीएमआय रेंज अशी एक ओळ होती, ती 'लिमिटेड' केली आणि निम्मा धूर उडाला. एका ओळीपायी तीन रात्री आणि घरात एक भांडण. तेव्हा तू आधी ती ओळ बघ. लॅपटॉप लावणार असशील तर बऱ्याचदा उलटं होतं: तो 'फुल' पाठवतो, प्रोजेक्टर 'लिमिटेड' समजतो आणि अंधारातला सगळा तपशील गिळला जातो. दोन्हीकडे एकच भाषा हवी, एवढंच.

त्यानंतर ब्राइटनेस. हे नाव कुणी ठेवलं त्याचा सत्कार करायला हवा, कारण त्याचं मुख्य काम उजेड वाढवणं नाहीच. काळा कुठून सुरू व्हायचा ते तो ठरवतो. पांढरा कुठे संपायचा ते कॉन्ट्रास्ट ठरवतो. टेस्ट पॅटर्न, म्हणजे जुळवणीसाठीची चित्रं, फुकट मिळतात, पेनड्राइव्हवर घे. मात्र प्रोजेक्टर अर्धा तास चालू राहू दे, दिवा तापला की रंग बदलतो. मग काळ्या पट्ट्यांचं चित्र लाव. १६ ची पट्टी मागच्या काळ्यात मिसळून गेली पाहिजे आणि १७ ची डोळे ताणल्यावर जेमतेम दिसली पाहिजे. पांढऱ्या टोकाला तसंच, २३४ आणि २३५ वेगळे दिसेपर्यंत कॉन्ट्रास्ट. एक हलवला की दुसरा थोडा सरकतो, तेव्हा दोन-तीन फेऱ्या होतात. शार्पनेसचा मोह टाळ. पांढऱ्यावरच्या काळ्या रेघेला बाहेरून उजळ किनार दिसते ना, ती नाहीशी होईतो खाली आण. आणि ते 'मोशन स्मूथ' की काय असतं ते बंद. सेकंदाला २४ फ्रेमचा सिनेमा त्याने मालिकेसारखा गुळगुळीत होतो.

हे सगळं करूनही काळा पुरता काळा होईना. मग एका दुपारी ट्यूब लावलेली असताना, प्रोजेक्टर बंद असताना पडद्याकडे लक्ष गेलं. पांढराशुभ्र! आणि डोक्यात प्रकाश पडला. प्रोजेक्टर काळा रंग टाकूच शकत नाही, तो फक्त उजेड टाकायचा थांबतो. मग पडदा खोलीत जेवढा उजेड असेल तेवढाच काळा. ट्यूब बंद केली तरी उजेड उरतोच, कारण चित्राचाच उजेड पडद्यावरून छतावर जातो आणि छतावरून परत पडद्यावर येतो. आमचं छत तुला ठाऊक आहे, पुट्टी मारलेलं, दुधासारखं.

हे तुझ्या वहिनीला पटेना. "छत काळं करायला हे काय नाटकाचं थिएटर आहे?" म्हणून प्रयोग केला. खाली पांढरा, वर काळा असा अर्धा-अर्धा पॅटर्न लावला आणि पावसाळ्याची काळी छत्री उघडून, स्टुलावर चढून, पडद्याच्या वरच्या कडेला छताखाली धरली. वरचा काळा डोळ्यांदेखत गडद झाला. छत्री काढली की फिका, धरली की गडद. ती म्हणाली, "परत धर." मी परत धरली. चार वेळा. घरात छत्री उघडू नये म्हणून आई तिकडून ओरडत होती ते वेगळंच.

तोडगा मखमलीवर निघाला. गेल्या वर्षी गणपतीच्या मखरामागे लावायला जांभळी नाक्यावरून काळी मखमल आणली होती, ती वेल्क्रोने पडद्यापुढच्या छताला मीटरभर लावली. अट एकच: गणपतीच्या आधी उतरवायची. बाजूची क्रीम भिंत मळकट राखाडी केली. त्या क्रीममुळे डाव्या कडेचे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसायचे, तेही गेलं. मला विचारशील तर सगळ्या बटणांनी मिळून जेवढं दिलं नसेल तेवढं त्या मखमलीने दिलं.

आता उजेडाचं. दुकानदाराने तुला ३००० ल्युमेन, ३५०० ल्युमेन सांगितले असतील, म्हणजे यंत्र एकूण किती उजेड टाकतं ते. माझं गणित बघ. १०० इंची पडदा म्हणजे २.२१ बाय १.२५ मीटर, सुमारे पावणेतीन चौरस मीटर. डिजिटल थिएटरमध्ये पांढरा किती उजळ दिसावा त्याचं माप ४८ निट. साध्या पांढऱ्या पडद्यावर तेवढं यायला साधारण १५० लक्स (दर चौरस मीटरला तेवढे ल्युमेन) पडायला हवेत, म्हणजे अंधाऱ्या खोलीत सव्वाचारशे ल्युमेन बास! वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्यात शॉप फ्लोअरवरचा उजेड मोजायचं लक्स मीटर आहे. साहेबांना विचारून शनिवारी घरी आणलं, पडद्याला टेकवून प्रोजेक्टरकडे तोंड करून धरलं. 'डायनॅमिक'मध्ये ४२०. 'सिनेमा' मोडमध्ये, दिवा इकोवर, १७०. पुरून उरले. 'डायनॅमिक'चा तो जादा उजेड येतो कुठून? पाऱ्याच्या दिव्यात लाल कमी, हिरवा भरपूर, आणि आपल्या डोळ्याला हिरवा सगळ्यात जास्त टोचतो. हिरव्याला मोकळं सोडलं की आकडा फुगतो. ते पोपटी मैदान तिथून आलं होतं. दिवा जुना होईल तसा उजेड उतरत जाणार, तेव्हा वीस-तीस लक्स हाताशी ठेव.

रंगाचं तापमान 'वॉर्म' ठेवलं, म्हणजे ६५०० केल्विनच्या जवळपास, दुपारच्या दिवसाच्या उजेडासारखं. पहिल्या दिवशी सगळ्यांनी बोंब मारली, "पिवळं दिसतंय!" निळसर पांढऱ्याला आपण टीव्हीच्या दुकानात इतके सरावलोय. मी म्हटलं, आठवडाभर थांबा. चौथ्या दिवशी कुणी बोललं नाही. गंमत आईची झाली. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डावा अजून व्हायचाय. पांढरा पॅटर्न चालू असताना ती शांतपणे एकेक डोळा झाकून बघत बसली. मग म्हणाली, "या डोळ्याने पांढरं दिसतं, त्याने चहाच्या फडक्यासारखं. तू कुठल्या डोळ्यासाठी जुळवतोयस?" पिकलेलं भिंग निळा रंग अडवतं, हे मला ठाऊक होतं. उत्तर मात्र नव्हतं. रंग मोजायचं खास यंत्र मी घेतलेलं नाही, 'वॉर्म' वर गप्प बसलोय.

कीस्टोन, म्हणजे तिरक्या यंत्राचं वाकडं चित्र ताणून चौकोनी करणारी सोय, विसरत होतो. शून्य ठेव, नाहीतर पिक्सेल फुकट जातात आणि अक्षरांच्या कडा मऊ होतात. माझा शोकेसवर तिरका ठेवलेला होता. एकेका पिक्सेलचा काळा-पांढरा चौकटपट लावला तर त्यात लाटा उठल्या. सुताराकडून प्लायची फळी ठोकून यंत्र पडद्याच्या बरोबर मध्यावर, सरळ आणलं, कीस्टोन शून्य केला, लाटा गायब.

परवा जुना कृष्णधवल सिनेमा लावला होता. आपण गणपतीत गल्लीतल्या पडद्यामागे बसून अक्षरं उलटी वाचायचो ते आठवलं. पुढे जागा मिळायची नाही आणि तू नावं उलटी वाचून मोठ्याने सांगायचास. तो पडदा म्हणजे चादर होती, वाऱ्याने नायिकेचं नाक हलायचं. तेव्हा कुणाला काळा कमी पडला नव्हता रे!

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद. यंदा गणपतीला येणारच असशील तर दोन दिवस आधी ये. मखमल उतरवायला स्टूल धरणारा माणूस हवाय.

तुझा,
बंड्या

ता. क. आईच्या डाव्या डोळ्याची तारीख दिवाळीनंतरची मिळाली आहे. तिने आत्ताच बजावलंय, तोवर रंगांना हात लावायचा नाही, नंतर ती स्वतः बघून सांगणार.