रात्र दिसली पाहिजे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत 'गेम ऑफ थ्रोन्स' या इंग्रजी मालिकेवर आलेला लेख वाचला. शेवटचं पर्व घाईत गुंडाळलं, पात्रं एकाएकी बदलली, हे त्यात आहे आणि त्यावर आमचं काही म्हणणं नाही. मात्र आठव्या पर्वातल्या रात्रीच्या लढाईचा भाग 'प्रेक्षकांना टीव्ही नीट लावता न आल्यामुळे' काळा दिसला, असं एका ओळीत उरकलंय. तिथे आम्ही अडलो. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांना दिवे लावणं आणि हंगाम सरला की टीव्ही दुरुस्त करणं, हे आमचं काम. काळोखाशी रोजचा संबंध येतो, म्हणून लिहितो आहोत.

आधी त्या भागाबद्दल. २८ एप्रिल २०१९ ला तो अमेरिकेत दाखवला गेला. लांबी ८२ मिनिटं. मालिकेच्या ७३ भागांत एवढा लांब दुसरा नाही. दिग्दर्शक मिगेल सापोचनिक, कॅमेरा फॅबियन वॅग्नर यांचा. उत्तर आयर्लंडमध्ये ५५ रात्री जागून लढाईचं बाहेरचं चित्रीकरण झालं. प्रसारण संपतं न संपतं तोच जगभर ओरड झाली की काही दिसलंच नाही. वॅग्नर यांचं उत्तर असं होतं की चित्र काळं नव्हतं, लोकांचे टीव्ही नीट लावलेले नसतात आणि प्रसारणात चित्र दाबलं जातं, म्हणजे पाठवायला हलकं व्हावं म्हणून त्यातला तपशील कमी केला जातो. हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं लेखात यायला हवं होतं.

काळोख मुद्दाम होता, हे मान्य. त्या जगात वीज नाही. मशाल, शेकोटी, खिडकी, चंद्र यांच्याशिवाय उजेड यायचा कुठून? एका प्रसंगात दोथराकी या मालिकेतल्या घोडेस्वार टोळीच्या हजारो स्वारांच्या वाकड्या तलवारी पेटतात, घोडदळ अंधारात घुसतं आणि लांबून पाहणाऱ्यांना ते पेटते ठिपके एकेक करून विझताना दिसतात. एकही मृतदेह न दाखवता सगळं कळतं. प्रकाशयोजना करणाऱ्याने याला हात जोडावेत. पण शेवटचे दहा-वीस ठिपके विझताना दिसले, तरच हा प्रसंग पोचतो. खेड्यातल्या बहुतेक पडद्यांवर ते ठिपके काळ्या ठोकळ्यांत आधीच बुडाले होते.

ते बुडतात कसे, ते सांगतो. चित्राला अंतिम रंग-उजेड देतात ती खोली काळ्या पडद्यांची असते. तिथला मॉनिटर १०० निट्स (निट हे पडद्याचा उजेड मोजायचं माप) या ठरलेल्या उजेडावर लावलेला असतो आणि पाहणाऱ्याचे डोळे अंधाराला सरावलेले असतात. तिथे सगळं दिसतं, यात नवल नाही. पुढे हे चित्र साध्या आठ बिटच्या प्रवाहात येतं. त्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या, आणि व्हिडिओ त्यांतल्या १६ ते २३५ एवढ्याच वापरतो. रात्रीची लढाई तळाच्या वीस-तीस पायऱ्यांवर उरकते. एवढ्याशा जागेत घोडा, धूर, बर्फ आणि माणूस बसवायचा. त्यात चित्र दाबणारं सॉफ्टवेअर काटकसर करतं ती आधी गडद भागातच, कारण तिथली चोरी डोळ्याला कमी कळते. वरून धुकं आणि उडणारा बर्फ म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये प्रत्येक ठिपका हलणार, आणि दाबायला सगळ्यात अवघड चित्र तेच. मग धुक्याच्या जागी पट्टे येतात आणि काळ्याच्या जागी ठोकळे.

आता डेटाचा हिशेब. बऱ्यापैकी फुल एचडी चित्राला सेकंदाला ५ मेगाबिट धरा. ८२ मिनिटांचे साधारण ३ जीबी झाले. तेव्हा आपल्याकडे बहुतेकांच्या मोबाइलवर रोजचा दीड जीबीचा पॅक होता. सगळा एकाच भागावर खर्च केला तरी सेकंदाला जेमतेम २.४ मेगाबिट मिळतात, आणि टॉवर लांब असला की ॲप स्वतःच ४८० वर, म्हणजे फुल एचडीपेक्षा बऱ्याच कमी तपशिलाच्या चित्रावर, उतरतं. ब्ल्यू-रे डिस्कवर हेच चित्र ४० मेगाबिटपर्यंत साठवायची सोय आहे. डिस्कवर पाहणारा आणि आपण, दोघांनी एकच भाग पाहिला असं म्हणणं जरा धाडसाचं होईल.

वेळेचं तर कुणी बोललंच नाही. अमेरिकेत रविवारी रात्री नऊला लागलेला भाग इथे सोमवारी सकाळी साडेसहाला आला. एप्रिलअखेर आमच्या वडशाला पावणेसहाच्या सुमारास सूर्य उगवतो. म्हणजे सपरीचं (घराच्या पुढच्या पडवीचं) दार उघडं, चुन्याच्या पांढऱ्या भिंती, टिनाच्या फटींतून ऊन, आणि पडद्यावर जगातली सगळ्यात लांब रात्र. काचेत स्वतःचंच तोंड दिसायचं. ज्यांनी तो भाग रात्री जेवणं आटोपून, दिवा मालवून पाहिला, त्यांची तक्रार निम्म्याने कमी होती.

आता टीव्हीकडे येऊ, कारण थोडा दोष त्याचाही आहे. 'टीव्ही खराब झाला का जी?' म्हणून संच घेऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा संच धडधाकट असतो. पिक्चर मोड 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' असतो. तो 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' करावा. 'इको' किंवा 'पॉवर सेव्हिंग' बंद करावं, कारण गडद प्रसंग आला की ते बॅकलाइट, म्हणजे पडद्यामागचा दिवा, आणखी उतरवतं. 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट', 'ब्लॅक एन्हान्सर' अशी नावं दिसतील तीही बंद, ती काळ्याला आणखी काळं करतात. गॅमा (काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या छटा किती उजळ दिसाव्यात तो आकडा) बदलता येत असेल तर उजेडाच्या खोलीत २.२ ठेवावा, पूर्ण अंधारात २.४.

सगळ्यात मोठा घोळ 'ब्राइटनेस' या शब्दाचा. बऱ्याच संचांत हा आकडा दिव्याचा नसतो, काळा रंग कुठून सुरू करायचा ते तो ठरवतो. अशा संचांत दिव्याचा आकडा 'बॅकलाइट' नावाने वेगळा असतो. खोलीत उजेड असेल तर आधी बॅकलाइट वाढवावा. मग एखादा रात्रीचा प्रसंग थांबवून काळ्या कपड्याच्या चुण्या पाहाव्यात आणि त्या नुकत्या उमटेपर्यंत ब्राइटनेस एकेक पायरी वर न्यावा. दोन प्रसंगांच्या मधे पडदा पूर्ण काळा होतो तेव्हा तो राखाडी दिसू लागला, तर दोन पायऱ्या मागे यावं. पाच मिनिटांचं काम आहे.

लॅपटॉप किंवा बॉक्स एचडीएमआयने जोडला असेल तर आणखी एक जागा तपासावी. बॉक्स 'फुल' (सगळ्या २५६ पायऱ्या) पाठवतोय आणि टीव्ही 'लिमिटेड' (फक्त १६ ते २३५) समजतोय, असं झालं की १६ च्या खालच्या सगळ्या पायऱ्या एकसारख्या काळ्या होतात आणि अंधारातला तपशील कोणत्याही बटणाने परत येत नाही. दोन्हीकडे एकच पर्याय हवा. उलट घोटाळा झाला तर चित्र धुवट दिसतं, ते निदान लगेच कळतं.

आणि टीव्हीची जागा. आपल्याकडे संच भिंतीवर उंच, फळीवर, लेकरांचा हात पोचणार नाही असा. माणसं खाली चटईवर. छोट्या स्वस्त संचांत टीएन नावाच्या स्वस्त जातीचं पॅनल (पडदा) असेल तर खालून पाहताना चित्र काळवंडतं, कधी रंग उलटेही होतात. तोच भाग उभं राहून पाहिला की चेहरे दिसतात! संच थोडा पुढे झुकवून बांधला, म्हणजे पडदा बसणाऱ्याच्या डोळ्यांकडे वळला, तर सेटिंगला हात न लावता अर्धं काम होतं. भिंतीचा स्टँड झुकणारा घ्यावा. स्टॅबिलायझरवर मात्र पैसे घालू नयेत. जुन्या पिक्चर ट्यूबच्या संचात व्होल्टेज उतरलं की चित्र आकसायचं, ती आठवण लोकांच्या मनातून जात नाही. आजचा एलईडी संच बहुधा १०० ते २४० व्होल्टपर्यंत सारखाच चालतो. त्याच्या काळोखाचं कारण विजेत नसतं.

हे सगळं केलं तरी निर्माते सुटत नाहीत. इथे नाटकात रात्रीचा प्रवेश आला की आम्ही दिव्यापुढे निळा जिलेटीन (रंगीत पारदर्शक कागद) लावतो, पण एका बाजूने कडक दिवा ठेवतो, म्हणजे खांदा, कान, फेट्याची कड सुटी दिसते. शेवटच्या रांगेत घोंगडं पांघरून बसलेल्या म्हाताऱ्याला कोण कुणाला मारतंय ते कळलं पाहिजे, नाहीतर तो तिथूनच ओरडतो. १९९४ मध्ये दूरदर्शनवर 'चंद्रकांता' लागायची. ॲण्टेना फिरवून फिरवून हात दुखायचे, पडद्यावर मुंग्या, तरी त्यातला खलनायक क्रूरसिंग ओळखू यायचा, कारण सगळं ढळढळीत उजेडात चित्रित केलेलं. देखणं नव्हतं, पण दिसायचं. आम्ही काही 'चंद्रकांता'सारखं करा म्हणत नाही. रंग-उजेडाच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी तोच भाग एका स्वस्त ३२ इंची संचावर, कमी बिटरेटवर (सेकंदाला कमी मेगाबिटवर), खिडकी उघडी ठेवून एकदा पाहावा, एवढंच. गाण्यांचं मिक्सिंग करणारे साध्या स्पीकरवर ऐकून बघतातच की.

तसं झालं नाही, याचा पुरावा पुढच्याच मालिकेत मिळाला. २०२२ च्या 'हाऊस ऑफ द ड्रॅगन'च्या सातव्या भागात समुद्रकाठचे प्रसंग दिवसा चित्रित करून नंतर गडद केले आणि पुन्हा तीच ओरड झाली. दिग्दर्शक तेच, सापोचनिक. वाहिनीच्या मदत विभागाने तक्रार करणाऱ्यांना कळवलं की हा मंद उजेड कलात्मक निर्णय आहे. निर्णय असेलही, पण दिवसाच्या चित्रात सावल्या उन्हाच्या असतात. त्यावर काळा रंग ओतला की रात्र होत नाही, चित्र नुसतं मळतं.

एक राहिलंच. नवा संच पहिल्यांदा सुरू केला की 'होम' की 'स्टोअर' असं विचारतो. गडबडीत 'स्टोअर' दाबलं गेलं तर तो दुकानातल्यासारखा भडक चालतो, आणि बऱ्याच संचांत तुम्ही केलेले बदल थोड्या वेळाने किंवा वीज जाऊन आली की पुसले जातात. आपल्याकडे वीज किती वेळा जाते ते सांगायला नको. सेटिंग टिकत नाही अशी तक्रार असेल तर आधी 'होम' निवडा, मग बाकीचं.

आपले,
नाटकांचे दिवे आणि टीव्ही दुरुस्ती करणारे दोघे वाचक,
वडसा (देसाईगंज), जि. गडचिरोली