रविवारी जिवाणूंना सुट्टी नसते

महोदय,

मिनिटांत जिवाणू ओळखणाऱ्या यंत्रांचं कौतुक हल्ली सारखं वाचतो. मी ३० वर्षं लॅबमध्ये जिवाणू वाढवायच्या प्लेटा लावल्या, त्यामुळे मलाही त्यांचं अप्रूप आहे. स्यूडोमोनास हा जिवाणू वाढलेली प्लेट उघडली की द्राक्षांसारखा वास यायचा. आम्ही त्यावरूनच नाव ताडायचो आणि खात्रीसाठी टेस्ट लावून आणखी एक दिवस थांबायचो. (प्लेट हुंगायची नसते, हे तेव्हाही ठाऊक होतं.) आता प्लेटवरच्या कॉलनीचा, म्हणजे जिवाणूंच्या पुंजक्याचा, ठिपका माल्डी-टॉफ या यंत्राच्या पट्टीवर लावला, की लेझरने प्रथिनांचा आलेख निघतो आणि साठवलेल्या आलेखांशी जुळवून नाव हातात पडतं. पण कॉलनी वाढायला एक रात्र जातेच, आणि कोणतं औषध लागू पडेल हे बघायला वेगळी टेस्ट लागतेच.

खरा वेळ जातो तो त्याही आधी. गेल्या पावसाळ्यात माझ्या मेहुण्याला थंडी वाजून ताप आला. शनिवारी संध्याकाळी कल्चरसाठी, म्हणजे रक्तातले जिवाणू वाढवून बघायला, रक्त घेतलं. सोमवारी सकाळी मी चौकशीला गेलो, तर बाटली काउंटरवरच, फॉर्म रबरबँडने गुंडाळलेला. काही तासांत इन्क्युबेटरमध्ये जायला हवी होती ती. पण रविवारी लॅब बंद! त्यात नाक्यावरच्या डॉक्टरांनी आधीच दोन दिवस अँटिबायोटिक दिलेलं, म्हणजे जिवाणू वाढायची शक्यता आणखी कमी. रिपोर्ट आला, 'नो ग्रोथ', म्हणजे काहीच वाढलं नाही. मेहुणा बरा झाला, पण कशाने आजारी होता ते आजतागायत कळलं नाही.

टीबीचंही तेच. सीबीनॅट हे यंत्र दोन तासांच्या आत टीबी आहे का आणि तो रिफॅम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद देईल का, हे सांगतं. कल्चरला सहा आठवडेही लागतात. गोव्यात बनणारं ट्रूनॅट हे तशाच तपासणीचं यंत्र तर बॅटरीवर चालतं. पण डबीत बेडक्याऐवजी नुसती थुंकी आली, तर यंत्र काय शोधणार? पेशंटला "चूळ भरा, खोल श्वास घ्या, छातीतून खोकून काढा" एवढं समजावायला दोन मिनिटं लागतात. ओपीडीच्या गर्दीत तेवढी कोणाकडे नसतात.

तेव्हा यंत्रं जरूर घ्यावीत. त्याबरोबर रविवारी निदान एक टेक्निशियन ड्यूटीवर असावा, आणि गंभीर पेशंटचं कल्चरचं रक्त अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी घ्यावं. याला टेंडर लागत नाही.

— एक निवृत्त लॅब टेक्निशियन, भांडुप, मुंबई