अरविंद गुप्ता सर, तुमच्या मोटरीबद्दल आभार

आदरणीय अरविंद गुप्ता सर,

सादर नमस्कार.

आपली भेट कधी झालेली नाही. पण दहावीच्या वर्गात विद्युतधारेच्या परिणामांचा धडा आला की आमच्या शाळेत तुमचं नाव निघतंच, कारण साध्यासुध्या वस्तूंपासून करायची तुमची विद्युत मोटर आम्ही वर्गात करतो. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

विद्युत मोटर हा परीक्षेतला हक्काचा प्रश्न. आकृती काढा, भागांना नावं द्या, कार्य लिहा. मुलं फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम घडाघडा म्हणतात, बोटंही बरोबर धरतात. मग विचारावं, दिक्परिवर्तक, म्हणजे दर अर्ध्या फेऱ्याला वेटोळ्यातल्या धारेची दिशा बदलणारा भाग, काढून टाकला तर काय होईल? वर्ग गप्प. माझ्या मते, मोटर समजली की नाही ते याच प्रश्नावर कळतं. आणि आमच्या मुलांना तो सुटायला लागला तो तुमच्या मोटरीमुळे.

एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, सायकलच्या ट्यूबचा कापलेला पट्टा आणि मोटर वायंडिंगवाल्याकडची थोडी तांब्याची तार. पट्ट्यानं पिना सेलच्या दोन टोकांना घट्ट धरायच्या, चुंबक सेलवर ठेवायचा. तारेचं वेटोळं करायचं, दोन्ही टोकं बाहेर काढून पिनांच्या भोकांत ठेवायची. तारेवर वीज अडवणारा लेप असतो. एका टोकावरचा लेप पूर्ण खरवडायचा, दुसऱ्या टोकाची एक बाजू मात्र तशीच राखायची. सगळी गंमत त्या राखलेल्या बाजूत आहे.

मी काही गटांना मुद्दाम दोन्ही टोकं पूर्ण खरवडायला सांगतो. त्यांचं वेटोळं बहुतेक वेळा झोके घेतं, थरथरतं आणि थांबतं. शेजारच्या गटाचं गरगर फिरत असतं. मग वाद सुरू होतो. कुणी म्हणतं सेल उतरलाय, कुणी चुंबकाला दोष देतं. सेलची अदलाबदल होते, चुंबकाची होते, तरी काही फरक पडत नाही. एकेक कारण बाद होत शेवटी नजर तारेच्या टोकांवर येते. वेटोळं अर्धा फेरा फिरलं की त्याच्या दोन बाजूंनी जागा बदललेल्या असतात. धारा तशीच वाहत राहिली तर तेच बल आता त्याला मागे फिरवायला बघतं. लेपाची बाजू पिनेला टेकते तेव्हा धारा तुटते, वेटोळं जडत्वानं पुढे सरकतं आणि उघडी तार पुन्हा टेकली की त्याला पुढचा रेटा मिळतो. हे मुलं एकमेकांना सांगतात, मी मागे उभा राहून ऐकतो. त्यानंतर पुस्तकातली आकृती उघडली की दिक्परिवर्तक त्यांना लगेच ओळखू येतो: तो धारा नुसती तोडत नाही, तिची दिशाच उलटवतो, म्हणून दोन्ही अर्ध्या फेऱ्यांत रेटा मिळतो.

पुढचे प्रश्न मग मुलंच काढतात. चुंबक पालथा केला तर? उलटं फिरतं. वेढे दुप्पट केले तर वेग दुप्पट? तसं होत नाही, कारण वेढ्यांबरोबर वजनही वाढतं आणि रोधही. तार तापते कशानं? तेही त्याच धड्यात आहे, फक्त आता बोटाला चटका बसल्यामुळे विचारलेलं असतं.

आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात मोटरीची एक तयार प्रतिकृती आहे. बटण दाबलं की फिरते. ती का फिरते हे तिच्याकडे कितीही वेळ बघून कळत नाही, कारण तिच्यात बिघडवून बघण्यासारखं काही नाही. तुमची मोटर मुलांना बिघडवता येते. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, टेल्को या टाटांच्या ट्रक कंपनीतली नोकरी, आणि 1978 मध्ये तुम्ही रजा घेऊन होशंगाबादला गेलात, मध्य प्रदेशातल्या खेड्यांतल्या शाळांमध्ये 1972 पासून चाललेल्या विज्ञान शिक्षणाच्या कामात. तिथल्या आठवडी बाजारातल्या वस्तूंमधून तुम्हाला सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबनं काडेपेटीच्या काड्या जोडायचे सांधे सुचले. शाळेकडे साहित्य नाही म्हणून विज्ञान अडत नाही, हे त्या बाजारात तुम्ही शोधलंत. आमच्यासारख्या शाळांना त्याचं मोल फार आहे. अनुदानाची वाट बघत धडा पुढच्या वर्षावर ढकलता येत नाही.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, म्हणजे मुलांच्या विज्ञान केंद्रात, तुम्ही आणि तुमच्या सहकाऱ्यांनी केलेल्या छोट्या फिल्म्स, शिवाय पुस्तकं, हे सगळं तुम्ही फुकट खुलं केलंत, मराठीतही. ना परवानगीचा अर्ज, ना पैसे. 2018 मध्ये तुम्हाला पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत पेढे वाटले होते, कारण आम्हा सगळ्यांनाच तुम्ही आमचे वाटता.

यंदा दहावीची मुलं सातवीच्या वर्गात जाऊन मोटर करायला शिकवणार आहेत. दोन्ही टोकं खरवडलेलं एक वेटोळं त्यांनी आधीच तयार करून ठेवलंय. काय चुकलंय ते मात्र सातवीला सांगायचं नाही, असं त्यांचं ठरलंय.

आपला कृतज्ञ,
एक विज्ञान शिक्षक